थांबण्याचें स्वातंत्र्य

दिलेलें वचन मोडल्यानें कोणाचें कांहींच नुकसान झालें नाहीं, तर तें मोडणें हा अपराध म्हणावा कीं नाहीं, हा प्रश्न आम्ही नीतिशास्त्राच्या वर्गांत पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांस घालीत आलों आहों. उत्तरें बहुधा ठराविक येतात. कोणी परिणामाकडे बोट दाखवितो, कोणी कर्तव्याचें नांव घेतो, आणि तास संपल्याची घंटा होतांच प्रश्न फळ्यावर तसाच राहतो. परंतु हाच प्रश्न एके दिवशीं आमच्या घरांत, आमच्याच दिवाणखान्यांत, आम्हांसच विचारला जाईल असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.

प्रसंग असा घडला. इ. स. २०२० च्या एप्रिलांत, साथीच्या भयानें सारा देश घरांत कोंडला गेला असतां, आम्हीं व आमच्या पत्नीनें 'समांतर' नांवाची मराठी वेबमालिका पाहण्याचें ठरविलें. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून केलेली व सतीश राजवाडे यांनीं दिग्दर्शित केलेली ही मालिका त्याच वर्षाच्या मार्चांत एम्एक्स प्लेअरवर आली होती. भाग अवघे नऊ. रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर एकच भाग पाहावयाचा, आणि तो दोघांनीं मिळूनच पाहावयाचा, असा करार झाला. तीन रात्री तो पाळला गेला. चवथ्या रात्रीचा भाग पाहण्यापूर्वींच, म्हणजे तिसऱ्या रात्रीं पत्नी झोंपीं गेल्यावर, आम्हीं मोबाइल उशाशीं घेतला, कानांत इअरफोन घातले, आणि एकच पाहूं म्हणतां म्हणतां उरलेले सहाहि भाग पाहून टाकिले. दुसऱ्या दिवशीं रात्रीं, जणूं कांहींच ठाऊक नाहीं अशा मुद्रेनें, पत्नीशेजारीं येऊन बसलों.

आमचें नाट्य फार वेळ टिकलें नाहीं. एका भयप्रद क्षणीं तिनें दचकून आमचा हात धरला, आणि आमच्या हाताला कांहींच झालें नव्हतें हें तिच्या ध्यानीं आलें. तिनें पडद्याकडे न पाहतां आमच्याकडे पाहिलें व एवढेंच विचारलें, "अहो, तुम्हीं हा भाग आधींच पाहिलात ना?"

त्या मालिकेचें कथासूत्र वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेलच. आपलें भविष्य दुसऱ्या कोणा मनुष्याच्या भूतकाळांत घडून गेलेलें आहे, असें नायकास कळतें, आणि त्या मनुष्याचा तो शोध घेऊं लागतो. पुढचें आधींच कळलेल्या माणसाचें काय होतें, हाच तिचा विषय. त्या रात्रीं पुढचें कळलेला एक मनुष्य पडद्यावर होता, आणि दुसरा पडद्यासमोर, अपराध्यासारखा बसला होता.

ही हकीकत सांगण्याचें कारण आत्मनिंदेची हौस हें नव्हे. ज्या नव्या कथाप्रकारानें गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या शिक्षित कुटुंबांच्या रात्री व्यापून टाकिल्या आहेत, त्याविषयीं जी चर्चा चालते ती बहुधा त्यांतील शिव्या, रक्तपात व शृंगार यांचीच असते. काय दाखविलें जातें याचा विचार पुष्कळ झाला. तें कोणत्या रीतीनें दिलें जातें, आणि घेतांना आपल्या इच्छाशक्तीचें काय होतें, हा प्रश्न मागें राहिला. आमच्या मतें नीतीच्या दृष्टीनें तोच अधिक महत्त्वाचा आहे.

प्रथम या प्रकारांत नवें काय आहे तें पाहूं. हप्त्याहप्त्यानें कथा सांगण्याची युक्ति मुळींच नवी नाहीं. अरबी गोष्टींतील शहरजादीनें पहांट होतांच गोष्ट अर्धी सोडून आपला जीव वांचविला. डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६-३७ सालीं महिन्यामहिन्यानें प्रसिद्ध झाली. आमच्याकडे हरि नारायण आपटे यांनीं १८९० त 'करमणूक' हें साप्ताहिक काढिलें आणि 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांतूनच हप्त्यांनीं वाचकांच्या हातीं गेली. दूरदर्शनवर 'रामायण' १९८७ च्या जानेवारींत सुरू झालें, तें १९८८ च्या जुलैपर्यंत रविवारीं सकाळीं चाललें. या सर्वांत कथा जितकी महत्त्वाची, तितकेंच दोन हप्त्यांमधील अंतरहि महत्त्वाचें होतें. आणि तें अंतर वाचकाच्या हातचें नव्हतें.

नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीनें तें अंतर काढून टाकिलें. १९९७ त स्थापन झालेली ही कंपनी आरंभीं चित्रपटांच्या तबकड्या टपालानें भाड्यानें देत असे; २००७ पासून ती इंटरनेटच्या द्वारें चित्रपट घरपोंच करूं लागली. पुढें तिनें स्वतःच्याच मालिका निर्माण करण्याचें मनावर घेतलें, आणि १ फेब्रुवारी २०१३ रोजीं 'हाउस ऑफ कार्ड्स' या राजकीय मालिकेच्या पहिल्या पर्वाचे तेराहि भाग एकाच दिवशीं ग्राहकांपुढें ठेविले. ज्यास रोज एक पाहावयाचा त्यानें तसें करावें. ज्यास तेराहि एका बैठकींत पाहावयाचे त्यास कोणी अडविणार नाहीं. या बैठकीस इंग्रजींत 'बिंज-वॉच' असें नांव पडलें व २०१५ सालीं कॉलिन्सच्या कोशकारांनीं त्या वर्षाचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. जानेवारी २०१६ त नेटफ्लिक्स हिंदुस्थानांत आली, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ॲमेझॉनची प्राइम व्हिडिओ आली, आणि पुढें विक्रम चंद्र यांच्या कादंबरीवरील 'सेक्रेड गेम्स' जुलै २०१८ मध्यें प्रसिद्ध झाली तेव्हां मुंबईची कथा सांगणारे तिचे आठहि भाग असेच एकदम हातीं आले.

या रीतीचा कैवार घेणारे म्हणतात कीं, हें स्वातंत्र्य आहे. आणि त्यांच्या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेनें आठ वाजतां दूरदर्शनसंचापुढें हजर असावें अशी अपेक्षा करणें हा अन्यायच होता. स्वयंपाकाच्या वेळींच मालिका लागते म्हणून किती गृहिणींनीं अर्धी मालिका नुसती कानांनीं ऐकली असेल! शिवाय रोजच्या मालिकांस वर्षानुवर्षें पाणी घालीत बसावें लागतें; वेबमालिकेस तें बंधन नाहीं. गोष्ट जेवढी असेल तेवढी सांगून ती थांबूं शकते. शेअरबाजारांतील घोटाळ्याची गुंतागुंतीची हकीकत 'स्कॅम १९९२' नें दहा भागांत सुबोध केली. फुलेरा नांवाच्या कल्पित खेड्यांत नेमणूक झालेल्या एका नाखुष तरुण ग्रामसचिवाची साधी गोष्ट 'पंचायत' मध्यें ज्या शांतपणें सांगितली आहे, तो शांतपणा जाहिरातींच्या मध्यंतरांत टिकला असता असें आम्हांस वाटत नाहीं. 'दिल्ली क्राइम' या मालिकेस २०२० सालीं आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळालें. तेव्हां हा प्रकारच त्याज्य आहे असें म्हणणारांच्या पंक्तीस आम्ही बसूं इच्छीत नाहीं.

कोणी असेंहि विचारील कीं, कादंबरी हातीं आली म्हणजे ती रात्रभर जागून वाचणाऱ्यास आपण रसिक म्हणतों, मग मालिका रात्रभर जागून पाहणाऱ्यास लंपट कां म्हणावें? आक्षेप वाजवी आहे, व त्यास उत्तर दिल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं.

आमचें उत्तर असें: कादंबरी आपलीं पानें आपण होऊन उलटीत नाहीं. वाचकास प्रत्येक पानाशीं बोट हलवावें लागतें, प्रकरणाच्या अखेरीस कोरी जागा लागते, आणि त्या कोऱ्या जागेंत घड्याळाकडे नजर जाते. वेबमालिकेंत एक भाग संपला कीं, पुढचा भाग कांहीं सेकंदांत सुरू होईल असे आंकडे पडद्यावर उतरूं लागतात, आणि आपण कांहींच केलें नाहीं तर तो सुरू होतो. पूर्वीं पुढें जाण्यास कृति लागे आणि थांबण्यास कांहींच लागत नसे. आतां थांबण्यास कृति लागते आणि पुढें जाण्यास कांहींच लागत नाहीं. हा फरक दिसण्यांत बोटभर आहे; परंतु सारा विवाद त्या बोटभर जागेंतच आहे.

आरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या प्रकरणांत असंयमी मनुष्याचा विचार केला आहे. हित कशांत आहे हें त्यास कळतें, पण हातून दुसरेंच घडतें. अशा मनुष्यांचे तो दोन वर्ग करतो: एक, जो विचार करून निश्चय करतो, पण विकाराच्या जोरापुढें निश्चयावर टिकत नाहीं, दुसरा, जो विकाराच्या वेगांत विचारच करीत नाहीं. आम्हीं त्या रात्रीचें आमचें वर्तन या दोन्ही मापांनीं मोजून पाहिलें, आणि तें कोणत्याहि मापांत नीट बसेना. पहिला भाग सुरू करतांना आम्ही खचित पहिल्या वर्गांतले होतों; कराराची आठवण होती व ती आम्हीं बाजूस सारली. परंतु पुढच्या पांच भागांचें काय? तेथें विकाराचा वेग नव्हता कीं निश्चयाशीं झगडा नव्हता. आम्ही नुसते पडून होतों. आमच्या जागीं पडद्यानेंच निश्चय केला, आणि आम्हीं त्यास हरकत घेतली नाहीं.

कठोपनिषदांतील श्रेय आणि प्रेय यांचा भेद आमच्या वाचकांस परिचित आहे. दोन्ही मनुष्यापुढें येतात, आणि शहाणा पुरुष त्यांतील अंतर ओळखून निवड करतो. या विवेचनांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: दोन्ही मनुष्यापुढें येतात, निवड करण्याजोगी एक जागा, एक चव्हाटा असतो. एखाद्यास त्या चव्हाट्यावर उभें करून वाईट वाटेची गोडी लावणें हा दोष जुना आहे, व सर्व धर्मग्रंथांनीं त्याची निंदा केली आहे. परंतु चव्हाटाच बुजवून टाकून सरळ रस्ता करून देणें हा दोष निराळा आहे. त्यांत कोणी आपणांस मोहांत पाडलें असें वाटत नाहीं, म्हणून रागहि येत नाहीं. जेथें आपण निवड केलीच नाहीं, तेथें पश्चात्तापासहि धरावयास जागा सांपडत नाहीं.

हें सर्व यदृच्छेनें घडलें असें समजण्याचें कारण नाहीं. नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनीं २०१७ सालीं, आपली खरी स्पर्धा झोंपेशीं आहे, अशा आशयाचें विधान केलें होतें. तें विनोदानें केलें असेल. परंतु विनोदांत मनुष्य पुष्कळदां खरें बोलून जातो. आमचे जुने कीर्तनकार श्रोत्यांच्या मुद्रा पाहून आख्यान लांबवीत किंवा आवरतें घेत. मागच्या रांगेंत म्हातारीं माणसें पेंगूं लागलीं कीं, बुवा चतुराईनें उत्तररंग आटोपून आरतीकडे वळत. नवा कथेकरीहि श्रोत्यांकडे पाहतो, नव्हे, कीर्तनकाराहून बारकाईनें पाहतो. कोणता ग्राहक कोणत्या मिनिटास थांबला याची नोंद त्याच्या दप्तरीं चित्रगुप्ताच्या वहीप्रमाणें होत असते. भेद इतकाच कीं, त्याचा उपयोग पेंगणाऱ्यास घरीं पाठविण्याकडे होत नाहीं. बराच वेळ कोणी बटणास हात लाविला नाहीं म्हणजे पडदा एक प्रश्न विचारतो खरा; पण तो, तुम्ही अजून पाहतां आहां ना, एवढाच असतो. पाहावें कीं नाहीं, हें विचारणें त्याच्या कामांत येत नाहीं.

तथापि सारा दोष कंपन्यांवर टाकून आपण मोकळें होणें हें आम्हांस पटत नाहीं. पुढचा भाग आपोआप सुरू न होईल अशी व्यवस्था नेटफ्लिक्सवर ग्राहकास करून ठेवितां येते. ती सोय आहे हें आम्हांस ठाऊक होऊन बरींच वर्षें झालीं, आणि तिचा उपयोग आम्हीं अगदीं अलीकडे केला. ग्रीक महाकाव्यांतील युलिसीजनें मोहक गाणें ऐकण्यापूर्वीं स्वतःस डोलकाठीशीं बांधून घेतलें. गाण्याच्या वेळीं आपला भरवसा देतां येणार नाहीं हें त्यास आधींच कळलें होतें, आणि त्यांतच त्याचें शहाणपण होतें. आमचा करार हा असाच एक दोर होता. तो कंपनीनें तोडला नाहीं. आम्हीं आपल्या हातानें सोडला, आणि तोहि दुसरें टोंक ज्याच्या हातीं होतें तें माणूस झोंपलें असतां.

येथें आम्ही मूळ प्रश्नाकडे येतों. वचन मोडलें खरें, पण नुकसान कोणाचें झालें? मालिका तेवढीच राहिली. पत्नीचे सहा भाग कोणी चोरले नाहींत. तिला ते पाहावयास मिळणारच होते. आम्हींहि त्या रात्रीं हाच युक्तिवाद केला. तिनें तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "माझे भाग कोणी नेले नाहींत, हें खरें. पण आज मी एकटीच घाबरलें, आणि मला वाटत होतें दोघं घाबरतोंय."

आमच्या सर्व व्याख्यानांपेक्षां या वाक्यानें आम्हांस अधिक शिकविलें. परिणामवादी जें नुकसान मोजतो तें वस्तूंचें असतें. येथें जें गेलें तें कांहीं वस्तु नव्हती. दोन माणसें एकाच अज्ञानांत बसून एकाच क्षणाची वाट पाहतात, हें एक प्रकारचें सहजीवन आहे. त्यांतील एकानें गुपचूप पुढें जाऊन परत येऊन बसावें, तर आसन तेंच राहतें, पण सोबत राहत नाहीं. लबाडी मालिका पाहण्यांत नव्हती. ती दुसऱ्या रात्रीं शेजारीं येऊन बसण्यांत होती.

आमच्या लहानपणीं वाड्यांत दूरदर्शनसंच एकच होता. रविवारीं सकाळीं सारीं बिऱ्हाडें त्या एका खोलींत दाटीवाटीनें बसत, आणि पुढचा रविवार उजाडेपर्यंत सहा दिवस नळावर, जिन्यांत आणि ओट्यावर तीच चर्चा चाले. रामायणांत पुढें काय होणार हें तर आजीपासून नातवापर्यंत सर्वांस ठाऊक होतें! तरीहि सारीं वाट पाहत होतीं. वाट पाहण्याचा संबंध केवळ अज्ञाताशीं नसतो, हें तेव्हां आम्हांस कळलें नव्हतें. आतां सर्व भाग सर्वांजवळ असतात, पण कोणी दुसऱ्या भागावर, कोणी सातव्यावर. चर्चेस तोंड फुटतें न फुटतें तोंच, पुढचें सांगूं नकोस, म्हणून एकजण कानांवर हात ठेवितो. गोष्ट एक असून तिचे श्रोते एकमेकांपासून दूर पडले आहेत. अंतर राखल्यानें धंदा बुडतो असेंहि नाहीं. डिस्नेनें 'द मँडलोरियन' ही मालिका २०१९ पासून आठवड्यास एक भाग याच जुन्या रीतीनें दिली, आणि लोकांनीं ती आवडीनें पाहिली.

सरकारनें कायद्यानें यांत कांहीं करावें काय? फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनीं या मालिकांस वयपरत्वें वर्ग लावण्याचें बंधन घातलें आहे; सात, तेरा, सोळा वर्षांवरील व केवळ प्रौढांसाठीं अशी ती वांटणी आहे. मुलांनीं काय पाहूं नये याची कांहीं व्यवस्था त्यानें होईल. परंतु पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें रात्रीं अकरा वाजतां मोबाइल खालीं ठेवावा, हा नियम कोणत्याहि सरकारास करतां येणार नाहीं, आणि करतां आला तरी करूं नये. थांबण्याचें स्वातंत्र्य दुसऱ्यानें वापरून दाखविण्याजोगें नसतें.

त्या रात्रीपुढें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करूं. पत्नीनें भाग तेथेंच बंद केला आणि पुढें चार दिवस ती त्या मालिकेचें नांवहि काढीना. रुसवा नव्हता, बोलणें, जेवणखाण सर्व नित्याप्रमाणें चाललें होतें. पहिल्या दिवशीं आम्हांस वाटलें, आपणांस शेवट ठाऊक आहे, आपणांस घाई कसली? दुसऱ्या दिवशीं जेवणानंतर आमची नजर आपोआप पडद्याकडे गेली. तिसऱ्या दिवशीं आम्ही खरोखर वाट पाहूं लागलों, आणि मग आमच्या लक्षांत आलें कीं, आम्ही मालिकेची वाट पाहत नव्हतों. ती तर आमची पाहून झाली होती. पांचव्या रात्रीं तिनें हाक मारली व म्हणाली, "या, बसा. मात्र चेहरा करूं नका. ठाऊक आहे तसेच बसा." आम्ही तसेच बसलों. जेथें ती दचकली तेथें आम्ही दचकलों नाहीं, आणि दचकल्याचें सोंगहि केलें नाहीं.

त्यानंतर आमच्या घरीं पुढचा भाग आपोआप सुरू होत नाहीं. भाग संपला कीं, पडदा काळा होतो, आणि त्या काळ्या पडद्यांत आम्हां दोघांचीं तोंडें अंधुक दिसतात. मग कोणीतरी विचारतें, "अजून एक?" कधीं उत्तर होय असें येतें, आणि मग झोंपावयास उशीरहि होतो. परंतु तो प्रश्न आतां आमच्या घरांतलेंच कोणीतरी विचारतें.